मन कोरडं पडलंय? मग या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी एका पहाटे नेहमीच्या जागी, नेहमीच्या वेळी ध्यानाला बसले. अकरा वर्षांची सवय होती. डोळे मिटले आणि काहीच नाही. शांत वाटेना, पण अस्वस्थही वाटेना. रिकाम्या घरात हाक मारावी आणि आपलाच आवाज परत यावा, तसं काहीतरी. शेवटी आत गळणाऱ्या नळाचे थेंब मोजत बसले. दोनशे चौदा झाले तेव्हा वीस मिनिटं संपली होती.

हे पुढे जवळजवळ दीड वर्ष चाललं. करता येतील तेवढ्या चुका मी त्या काळात करून घेतल्या. आज मागे वळून पाहताना वाटतं, की कोरडेपणाने माझं फारसं काही बिघडवलं नाही. तो घालवायची जी घाई केली, तिने मात्र बरंच बिघडवलं. खाली लिहिलंय ते बहुतेक त्या घाईबद्दलच आहे.

‘माझंच काहीतरी चुकलं’ असा निकाल लावून मोकळं होणं

पहिला विचार हाच येतो. देव रुसला, पुण्य संपलं, इतक्या वर्षांचं सगळं ढोंगच होतं की काय! भाविक माणूस स्वतःला दोषी ठरवतो आणि बुद्धिवादी माणूस आजवरच्या श्रद्धेला खोटं ठरवतो. दोघांनाही निकालाची घाई असते, आणि पुरावा दोघांकडे एकच असतो: सध्या काही जाणवत नाही.

‘जाणवत नाही’ आणि ‘नाही’ यांत फरक आहे. मदर तेरेसांची खासगी पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा अनेकांना धक्का बसला. १९४८ मध्ये त्यांनी गरिबांमधलं काम सुरू केलं आणि त्याच सुमारास आतला अंधारही सुरू झाला. १९५८ मधले जेमतेम पाच आठवडे सोडले, तर १९९७ मध्ये त्या गेल्या तोवर तो फारसा हटला नाही. हे वाचून धसका घेऊ नका, इतका लांबलेला काळ क्वचितच कुणाच्या वाट्याला येतो. सांगायचंय ते एवढंच, की जाणीव आटली म्हणून माणूस खोटा ठरत नाही. ‘रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग’ म्हणणारे तुकोबा काही नवखे साधक नव्हते.

आजाराला अध्यात्माचं नाव देणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही, म्हणून इथे जरा थांबते.

पतंजलींच्या योगसूत्रांत (१.३०) चित्ताला विचलित करणारे नऊ अडथळे सांगितले आहेत. संशय, प्रमाद, आळस, भ्रांती हे सगळे त्यात आहेत. पण यादी सुरू होते ती व्याधीपासून, म्हणजे सरळसरळ शरीराच्या आजारापासून. पुढच्याच सूत्रात दुःख आणि मनाची खिन्नता यांच्या जोडीला अंगाची थरथर आणि श्वासाची अनियमितता येते. म्हणजे अडचण कुठे आहे हे शोधताना शरीराकडे बघायची पद्धत काही आजची नाही. आपणच ती विसरलो आणि सगळं ‘प्रारब्ध’ या एका खात्यावर टाकू लागलो.

थायरॉईडचं काम मंदावलं, बी-१२ जीवनसत्त्व कमी पडलं, तरी माणूस मलूल आणि उदास होतो. साधी रक्ततपासणी केली की ते कळतं. मी ती पाच महिन्यांनी केली. पहिल्या आठवड्यात करायला हवी होती.

आणि नैराश्य? सोळाव्या शतकातले स्पॅनिश संत जॉन ऑफ द क्रॉस यांच्यामुळे ‘आत्म्याची अंधारी रात्र’ ही कल्पना रूढ झाली. टोलेडोमध्ये त्यांच्याच संप्रदायातल्या विरोधकांनी त्यांना डिसेंबर १५७७ पासून जवळपास नऊ महिने एका कोंदट खोलीत डांबलं होतं, त्यामुळे अंधार त्यांनी ऐकीव माहितीवर रंगवलेला नाही. खरी ‘रात्र’ ओळखायच्या त्यांनी तीन खुणा सांगितल्या. देवाच्या गोष्टींत गोडी वाटत नाही, तशी जगाच्या गोष्टींतही वाटत नाही. तरी ‘मी मागे पडतोय’ ही काळजी आतून कुरतडत राहते. आणि विचार-कल्पनेच्या आधाराने पूर्वी जसं चिंतन जमायचं, तसं आता जमत नाही. पहिली खूण नैराश्याचीही असू शकते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. कोरडेपणा शरीरप्रकृतीतून आलेल्या विषादामुळेही येतो, असं त्यांनी स्पष्ट लिहिलंय. म्हणून एकाच खुणेवर ते थांबत नाहीत, तिन्ही एकत्र पाहायला सांगतात.

घरच्या घरी पाहायची एक ढोबळ कसोटी देते. कोरड्या काळात प्रार्थना बेचव लागते, पण माणूस कामाला जातो, विनोदावर हसतो, दुसऱ्याचं दुःख त्याला पोचतं. नैराश्यात सगळंच आवळत जातं: झोप, भूक, एकाग्रता, अंघोळीसारखी साधी कामं. बहुतेक दिवसभर, जवळजवळ रोज, सलग दोन आठवडे असं राहिलं तर डॉक्टरांकडे जायचं. त्यात ‘पण माझं दुखणं वेगळं, आध्यात्मिक आहे’ ही सबब चालत नाही. दोन्ही एकाच वेळी असू शकतात, आणि गोळी घेतल्याने साधना बाटत नाही. सुरू असलेली गोळी ‘आता नामच पुरे’ म्हणून आपल्या मनाने बंद करणं हा धोक्याचा खेळ आहे.

जगणं नको वाटू लागलं, स्वतःला संपवण्याचे विचार येऊ लागले, तर दोन आठवडे मोजत बसू नका. त्याच दिवशी कुणाला तरी सांगा, त्याच दिवशी डॉक्टर गाठा, आणि तोवर एकटं राहू नका.

दुसऱ्या टोकाची चूकही होते, ती म्हणजे प्रत्येक आध्यात्मिक घुसमटीला आजार ठरवणं. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत १९९४ मध्ये ‘धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या’ असा स्वतंत्र प्रकार आला, आणि तो मनोविकार म्हणून नोंदवलेला नाही. श्रद्धा डळमळणं हा आजार नव्हे, हे वैद्यकालाही मान्य आहे. तेव्हा डॉक्टरांसमोर संकोच न करता सगळं सांगा, झोपेचं सांगाल तसंच प्रार्थनेचंही.

साधनेचा रेटा वाढवणं

वीस मिनिटांत काही होत नाही ना, मग चाळीस करू. चाळीसात नाही, तर उपास जोडू, मौन जोडू, पहाटे तीनला उठू. मी हे सगळं केलं. तिसऱ्या आठवड्यात ऑफिसात एका साध्या बेरजेपाशी रडू फुटलं.

येशूसंघ या ख्रिस्ती धर्मसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला १५२२ मध्ये स्पेनमधल्या मानरेसा गावी राहत होते. आपल्या पापांची कबुली पुरी झाली नाही, या शंकेने त्यांना इतकं पछाडलं की जीव द्यावा असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. देव शांती देईपर्यंत अन्न घेणार नाही असं ठरवून ते आठवडाभर उपाशी राहिले. शेवटी कबुली ऐकणाऱ्या धर्मगुरूंनीच उपास सोडायची आज्ञा केली. पुढे हजारो लोकांना मार्ग दाखवणारा हा माणूस, पण त्या आठवड्यात ‘पुरे आता’ म्हणणारं दुसरं कुणीतरी लागलंच.

साधना पूर्ण सोडून देणं हेही तितकंच वाईट, कारण मग परतायची पायवाट बुजते. मला उपयोगी पडलं ते असं: वेळ कमी करून दहा मिनिटांवर आणली, पण जागा आणि घटका तीच ठेवली. काही जाणवो न जाणवो, बसायचं आणि घड्याळ वाजलं की उठायचं. ‘आज कसं झालं?’ हा प्रश्न स्वतःला विचारायचाच नाही.

याला एक अपवाद आहे. दीर्घ, कडक ध्यानाच्या शिबिरानंतर रात्र रात्र झोप लागत नसेल, शरीर आपलं वाटत नसेल, आवाज ऐकू येत असतील किंवा ‘माझ्यावर मोठं कार्य सोपवलंय’ अशी झिंग चढली असेल, तर दहा मिनिटंसुद्धा नकोत. ध्यान थांबवा. पोटभर जेवा, चाला, मातीत हात घाला, आणि डॉक्टरांना उशीर न करता भेटा.

याच काळात मोठे निर्णय घेणं

नोकरी सोडणं, घर सोडणं, लग्न मोडणं, संन्यास घेणं, श्रद्धेला जाहीर रामराम ठोकणं. कोरड्या काळात हे सगळे निर्णय फार स्वच्छ, फार सत्य वाटतात. पुष्कळदा ते स्मशानवैराग्य असतं, फक्त त्याला कुणाच्या जाण्याचं निमित्त नसतं.

इग्नेशियस यांचा यावरचा नियम दोन वाक्यांत मावतो: आतला अंधार असताना बदल करू नका. तो येण्याआधी शांत मनाने जे ठरवलं होतं, त्यालाच धरून राहा. मानरेसाचे ते दिवस माहीत असले की या नियमाचं वजन कळतं.

मी रात्री दीड वाजता राजीनामा लिहिला होता. भाषा इतकी भारदस्त, की वाचून माझे मलाच डोळे भरून आले. नशीब, इंटरनेट बंद होतं. सकाळी वाचला तर त्यात तीन ठिकाणी ‘शाश्वत’ हा शब्द होता आणि नोटिशीच्या मुदतीचा पत्ता नव्हता. तेव्हापासून एक वही केली. डोक्यात आलेला प्रत्येक मोठा निर्णय तारखेसह तिच्यात लिहायचा आणि महिनाभर त्याला हात लावायचा नाही. अशा नऊ निर्णयांपैकी महिन्यानंतर दोनच शहाणपणाचे वाटले. घरात मारहाण किंवा छळ होत असेल तर मात्र ही वही तुमच्यासाठी नाही. तिथून आधी बाहेर पडा.

उपाय बदलत राहणं

सोमवारी एक प्रवचन, बुधवारी दुसरा श्वासाचा प्रकार, शनिवारी तिसरेच कुणीतरी महाराज, मध्यरात्री मोबाईलवर चौथे. प्रत्येक जण आत्मविश्वासाने वेगळं कारण सांगतो आणि डोक्याचा उकिरडा होतो. योगसूत्रं नऊ अडथळे मोजून झाल्यावर उपाय सांगतात तो मोजक्या शब्दांत, एकाच तत्त्वाचा अभ्यास. कुठलं तत्त्व, हा वाद नंतर घालता येईल.

उपाय विकायला बसलेल्याला रितं मन लांबून ओळखू येतं. म्हणून जो माणूस औषध बंद करायला सांगतो, ‘घरी बोलू नका’ म्हणतो किंवा पैशांची घाई करतो, त्याच्याकडून चप्पल घालून निघा. त्याला पटवत बसायची गरज नाही.

देवाशी शिष्टाचाराने वागणं

ही चूक यादीत पाहून काहींना नवल वाटेल. आत संताप खदखदतोय आणि ओठांवर ‘तुझी इच्छा’! अशी प्रार्थना कोरडी पडली तर दोष कुणाचा? पुष्कळदा कोरडेपणाखाली न रडलेलं रडू असतं, एखादा मृत्यू असतो, फसवणूक असते, आणि त्याबद्दल देवाला जाब विचारायची हिंमत झालेली नसते. जनाबाईंनी विठ्ठलाला शिव्या घातल्या. बायबलमधलं ८८वं स्तोत्र हे केवळ गाऱ्हाणं आहे. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात, हे मात्र अंधारातच संपतं, आणि तरी ते धर्मग्रंथात राहिलं. भांडण हेही नातंच असतं. देव न मानणाऱ्यांनी कागदावर भांडावं. मी दोन्ही केलं, कागद जास्त टिकला.

जुना अनुभव परत मागणं

मागच्या वेळी त्या डोंगरावर जसं भरून आलं होतं, तसंच पुन्हा यायला हवं! नाही येत. त्याच डोंगरावर पुन्हा गेलात तर पाय दुखतील एवढंच.

कुणालाच न सांगणं, आणि ऐकणाऱ्यांच्या चुका

सगळ्यांना सांगत सुटू नका, पण एकाला तरी सांगा. निवड करताना एवढंच बघा, की हा माणूस ऐकून झाल्याबरोबर उपाय सांगणारा नाही ना. सुरुवात कशी करायची ते कळत नसेल तर हे वाक्य घ्या: “मला सल्ला नकोय. काही दिवसांपासून आत सगळं रिकामं वाटतंय, ते फक्त कुणाला तरी माहीत असावं.”

मी हे सांगितलं ते माझ्या मोठ्या बहिणीला. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “बरं. जेवतेस का नीट?”

मला तेव्हा रागच आला. एवढं आत्म्याचं सांगतेय आणि ही जेवणाचं विचारते! पण पुढचे कित्येक महिने तिचा रोज रात्री नऊला फोन यायचा आणि ठरलेले तीन प्रश्न असायचे: जेवलीस का, झोप लागली का, आज घराबाहेर पडलीस का. ‘सकारात्मक विचार कर’ असं ती एकदाही म्हणाली नाही, गीतेचा श्लोकही पाठवला नाही. चौथ्या महिन्यात झोपेच्या प्रश्नाला मी सलग सहा दिवस ‘नाही’ म्हटलं, तेव्हा तिने मला न विचारता डॉक्टरांची वेळ घेतली आणि स्वतः सोबत आली. रक्ततपासणी झाली ती अशी.

तुमच्या घरात कुणी या काळातून जात असेल, तर फोनची वेळ ठरवा आणि ती चुकवू नका.