डीबीयूला हात लावण्याआधी: चिपच्या लेआउट फाइलींतल्या एककांच्या या चुका टाळा

कॉलेजातून नवी बॅच आली की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारतंच, "मॅडम, ही जीडीएस मायक्रॉनमध्ये आहे की नॅनोमीटरमध्ये?" दोन्हींत नाही. जीडीएस म्हणजे चिपचा आराखडा (लेआउट) साठवणारी फाइल, आणि तिच्यातले कोऑर्डिनेट म्हणजे नुसते पूर्णांक. त्यांचा अर्थ फाइलीच्या सुरुवातीला, युनिट्स नावाच्या रेकॉर्डमध्ये दोन आकड्यांत लिहिलेला असतो. पहिला सांगतो एक डेटाबेस युनिट (डीबीयू) म्हणजे किती यूझर युनिट, दुसरा सांगतो ते किती मीटर. बहुतेक फाइलींत पहिला 0.001 आणि दुसरा 1e-9, म्हणजे डीबीयू 1 नॅनोमीटर आणि यूझर युनिट 1 मायक्रॉन. पण सगळ्याच फाइलींत तसं नसतं, आणि पोरं नेमकी तिथेच घसरतात.

डीबीयू "जुळवून घेणं". ही माझी सर्वांत नावडती चूक. बाणेरच्या आमच्या ऑफिसात इंटर्नशिपला आलेल्या एका मुलाला बाहेरून आलेला ब्लॉक (चिपचा एक तयार भाग) टॉपमध्ये, म्हणजे पूर्ण चिपच्या लेआउटमध्ये बसवायचा होता. ब्लॉकचा डीबीयू 5 नॅनोमीटर, टॉपचा 1. त्याने केलेआउट या लेआउट एडिटरच्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ टाकली: डीबीयू बरोबर 0.001 (मायक्रॉन). वॉर्निंग नाही, एरर नाही, गडी खूश. पण त्या ओळीने कोऑर्डिनेट बदलत नाहीत, बदलतो फक्त त्यांचा अर्थ. सातबाऱ्यावर आकडा तोच ठेवून "एकर" खोडून "गुंठे" लिहावं, तसं.

डीआरसी (चिप बनवणाऱ्या कारखान्याच्या मापाच्या नियमांची तपासणी) लावली तर एररचा पाऊस. विड्थ, स्पेसिंग, एन्क्लोजर, काही म्हणजे काही सुटलं नाही. पठ्ठ्या शनिवारी येऊन एकेक मेटल रुंद करत बसला होता. मला म्हणाला, "मॅडम, यांचे रूलच फार कडक आहेत." म्हटलं, "अरे, आधी बाँड पॅड मोज." रूलर लावला: 16 मायक्रॉन. पॅड, म्हणजे बाहेरची तार जोडायचा चौकोन, होता 80 चा! प्रत्येक बाजू एक-पंचमांश, क्षेत्रफळ एक-पंचविसांश. रुंद केलेलं सगळं फेकून मूळ फाइल पुन्हा उघडायला लावली.

डीबीयू खरंच बदलायचा असेल तर केलेआउटच्या सेव्हच्या डायलॉगमध्ये द्या. तिथे कोऑर्डिनेट त्या प्रमाणात बदलून लिहिले जातात, प्रत्यक्ष माप तेच राहतं. 5 वरून 1 वर येताना काहीच गमावत नाही. 1 वरून 5 वर जाताना राउंडिंग होतं, तेव्हा डोळे उघडे ठेवा. माझी सवय अशी की कुठलीही परकी फाइल उघडली की माहितीच्या एका वस्तूवर रूलर लावायचा, मगच चहा. पॅड नसेल तर स्टँडर्ड सेलची (लायब्ररीतल्या तयार लॉजिक ठोकळ्याची) उंची. स्काय-130 या खुल्या 130 नॅनोमीटर प्रोसेसच्या हाय डेन्सिटी लायब्ररीत ती 2.72 मायक्रॉन असते.

स्पाइसमध्ये (सर्किट सिम्युलेशनच्या फाइलीत) जादा "यू". स्काय-130 घेऊन घरी शिकणाऱ्यांची ही हमखास ठेच. या पीडीकेत (प्रोसेसच्या नियम आणि मॉडेलांच्या संचात) स्केल आधीच 1 मायक्रॉन ठरवलेलं असतं, त्यामुळे ट्रान्झिस्टरची रुंदी डब्ल्यू बरोबर 1 म्हणजेच 1 मायक्रॉन. सवयीने 1u (u म्हणजे मायक्रो) लिहिलंत की रुंदी होते 1 पिकोमीटर. मग एनजीस्पाइस (सिम्युलेटर) म्हणतं, योग्य मॉडेलचं नाव सापडत नाही. मॉडेल जागेवरच असतं. इतक्या रुंदीसाठी त्यात बिनच (मापांचा पट्टा) नाही. पण एरर वाचायचा कुणाला धीर आहे? पोरं पाथ बदलतात, अख्खा पीडीके परत इन्स्टॉल करतात, ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकतात. तो एक "यू" काढा.

जीडीएसटीकेमध्ये (जीडीएस लिहिण्या-वाचण्याच्या पायथन लायब्ररीत) युनिट आणि प्रिसिजनची गल्लत. युनिट म्हणजे तुम्ही लिहिलेल्या आकड्याचं माप, प्रिसिजन म्हणजे फाइलीतला डीबीयू. मुळातच 1e-6 आणि 1e-9 मीटर असतात. "मला नॅनोमीटर हवेत" म्हणून युनिटही 1e-9 केलंत, तर 80 चा पॅड 80 नॅनोमीटरचा होतो आणि 0.15 ची रेघ राउंड होऊन शून्यावर येते.

डीबीयू म्हणजेच ग्रिड समजणं. स्काय-130चं मॅन्युफॅक्चरिंग ग्रिड (ज्याच्या पटीतच कडा याव्या लागतात) 5 नॅनोमीटर आहे, डीबीयू 1 असला तरी. 0.145 रुंदीचा पाथ ग्रिडवरच्या मध्यरेषेवर काढला की दोन्ही कडा 72.5 नॅनोमीटरवर, म्हणजे ऑफ-ग्रिड.

लेफ आणि डेफ एकाच मापाने वाचणं. लेफमध्ये (सेलच्या वर्णनाच्या फाइलीत) मायक्रॉन, डेफमध्ये (डिझाइनच्या मांडणीच्या फाइलीत) पूर्णांक डीबीयू. डेफच्या डोक्यावरची युनिट्सची ओळ वाचल्याशिवाय त्यातला एकही आकडा कॉपी करू नका.

"जास्त अचूक" म्हणून 1 पिकोमीटर डीबीयू. जीडीएसचा कोऑर्डिनेट 32 बिटांचा, चिन्हासकट. 1 नॅनोमीटरला तो शून्यापासून 2 मीटरच्या पुढे जातो, म्हणजे चिंता नाही. 1 पिकोमीटरला मात्र साधारण 2.147 मिलीमीटरवर संपतो. तुमच्या चिपचा कोपरा शून्यावर असेल आणि बाजू 3 मिलीमीटरची असेल, तर उजवीकडचे पॅड कुठे लिहिणार?