उशिरा सापडलेला कागद कोर्टात द्यायचाय? मग आधी एवढं जमवा

दाव्यात साक्ष सुरू झाली की कुठल्यातरी घरात माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडतेच. आमच्या वाटपाच्या दाव्यात तारखेला चार दिवस राहिले असताना आईने आजोबांच्या नावचं खरेदीखत काढलं, घड्यांवर फाटलेलं, जुन्या लग्नपत्रिकेत गुंडाळलेलं. आम्ही खूश, वकीलसाहेब एवढंच म्हणाले, ‘हे आत्ता आणताय?’

तर आधी कागद आहे तसा ठेवा. लॅमिनेशन नको, सेलोटेप तर अजिबात नको. दोन्ही बाजूंचा फोटो काढा, झेरॉक्स मारा, आणि कुठे, कधी, कोणाच्या हाताला लागला ते त्याच दिवशी वहीत लिहा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर चालतं.

मग अर्ज. तो दिवाणी प्रक्रिया संहितेखाली (सीपीसी) करायचा. वादी असाल तर ऑर्डर 7 रूल 14(3), प्रतिवादी असाल तर ऑर्डर 8 रूल 1अ(3), दोन्हीकडे कोर्टाची परवानगी लागते. समोरचे म्हणतील की उशिरा पुरावा द्यायची मुभा देणारा ऑर्डर 18 मधला 17अ नियम 2002 लाच गेला, आता काय उशिरा देता. नियम गेला हे खरं, पण 2005 मध्ये सेलम बार असोसिएशनच्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की अशी परवानगी द्यायचा अधिकार कोर्टाला त्या नियमाच्या आधीपासूनच होता. 13 ऑक्टोबर 2020 चा एक निकाल पण वकिलांना शोधायला सांगा, त्यात प्रतिवादीला उशिरा कागद द्यायला परवानगी मिळालीये.

पण निकालांपेक्षा कारण जास्त महत्त्वाचं, आणि तिथेच सगळे माती खातात. ‘नजरचुकीने राहून गेले’ हे वाक्य प्रत्येक अर्जात असतं, जज रोज वाचतात. आम्ही पण तेच लिहिणार होतो, तेवढ्यात आई बोलली की पेटीची किल्ली थोरल्या चुलत्यांकडे होती आणि ते वारल्यावर चुलतीने आणून दिली. हे आधी सांगायला काय झालं होतं! तर दावा लावताना कागद का नव्हता, कोणाकडे होता, हातात कसा आला, कुठल्या मुद्द्यासाठी लागतो, हे सगळं तारखांसकट लिहा आणि शपथपत्र ज्याला सापडला त्याचंच घ्या, आमच्यात आईचं.

वादपत्रात त्या खरेदीचा उल्लेख आहे का तेही बघा. नसेल तर आधी दुरुस्तीचा अर्ज लागू शकतो आणि साक्ष सुरू झाल्यावर तो मिळणं अवघड. कमर्शियल कोर्टात असाल तर ऑर्डर 11 लागतो, तिथे कारण आणखी कडक तपासतात. कागद फक्त उलटतपासात साक्षीदाराला दाखवायचा असेल तर मात्र हा परवानगीचा नियम आड येत नाही.

सोबत काय न्यायचं तर मूळ कागद, दस्तऐवज यादी आणि समोरच्या प्रत्येक पार्टीला एकेक झेरॉक्स, नाहीतर ‘प्रत मिळाली नाही’ म्हणून से (अर्जावरचं लेखी म्हणणं) द्यायला पुढची तारीख. जुना सातबारा, फेरफार असेल तर सही-शिक्क्याची नक्कल. साठेखत, वाटणीपत्र असेल तर स्टॅम्प बघून घ्या, कमी निघाला तर कागद अडकतो. व्हॉट्सॲप चॅट, रेकॉर्डिंग असेल तर 1 जुलै 2024 पासून नवीन साक्ष अधिनियमाचं कलम 63 आहे, त्याचं सर्टिफिकेट हॅश व्हॅल्यूसकट (फाइल ओळखणारा कोड) लागतं, नुसता स्क्रीनशॉट नेऊ नका.

खिशात थोडे पैसे ठेवा, अर्ज मंजूर झाला तरी बहुतेक वेळा कॉस्ट (उशिराबद्दल कोर्टाने भरायला लावलेली रक्कम) बसते आणि ती भरायची राहिली तर केलेलं सगळं वाया जाऊ शकतं. आणि मंजूर झालं म्हणजे कागद सिद्ध झाला असं नाही हां, साक्षीदार लागतोच. आमच्यात परत आईच, आणि उलटतपासात तिला पहिला प्रश्न आला तो किल्ली कोणत्या महिन्यात मिळाली हाच.