पावसाळ्यात सुगरण नराचा डिस्प्ले कसा टिपायचा

पहिला पाऊस पडला की बरेच जण कॅमेरा कपाटात टाकतात, आता डायरेक्ट ऑक्टोबरात काढू म्हणतात, आणि नेमका तेव्हाच सुगरण पक्ष्यांचा सीझन सुरू होतो. साधारण जून ते सप्टेंबर. मुंबईतून लोकल पकडून सकाळी जाऊन दुपारच्या जेवणाला घरी परत येता येतं, आणि माझ्या मते आपल्या भागात पावसाळ्यात यापेक्षा भारी बर्ड फोटोग्राफी दुसरी नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी पक्षी काय करतोय ते समजून घ्या, सेटिंग नंतर. घरटं विणतो तो नर. एरवी नर आणि मादी दोघंही मळकट तपकिरी, ओळखू पण येत नाहीत, पण विणीच्या दिवसांत नराचं डोकं पिवळंधमक होतं आणि डोळ्यांभोवती गडद तपकिरी पट्टा येतो. हा नर घरटं अर्धं विणतो, म्हणजे वर गोल टोप, खालून उघडं आणि मध्ये एक आडवी दांडी, याला बर्डर मंडळी हेल्मेट स्टेज म्हणतात. मादी बघायला येते ती याच स्टेजला. आत शिरते, विणकाम चोचीने ओढून बघते, पटलं तर राहते, नाही पटलं तर शेजारच्याकडे. पटलं की मग नर अंड्यांची खोली आणि ती लांब नळी पूर्ण करतो आणि बऱ्याचदा लगेच दुसरं घरटं घ्यायला बसतो, दुसऱ्या मादीसाठी. पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी हे सगळं १९३० च्या सुमारास किहीमला, म्हणजे अलिबागजवळ आपल्या समोरच्याच किनाऱ्यावर, दिवसच्या दिवस बसून बघितलं आणि लिहून ठेवलं.

याचा आपल्यासाठी अर्थ एकच, डिस्प्ले, म्हणजे मादीला भुलवायला नर पंख फडफडवत करतो तो दिखावा, पाहिजे तर अर्धवट घरट्यांचं झाड शोधा. सगळ्या घरट्यांना लांब नळ्या लटकलेल्या दिसल्या तर तिथला डिस्प्ले जवळपास उरकलेला असतो, मग तुम्ही कितीही बसा, मादी किडे घेऊन आत-बाहेर करताना दिसेल फक्त. लोकांचे फोटो फसतात ते बहुतेक इथेच, लेन्समुळे नाही.

झाड शोधायचं म्हणजे भातखाचरं, जवळ पाणी, आणि बाभूळ किंवा शिंदी नाहीतर ताड. विहिरीवर किंवा ओढ्यावर झुकलेली फांदी असेल तर आधी तिकडे बघा. वांगणी-नेरळ-कर्जत, पनवेल-उरण, तिकडे वसई-सफाळे, कुठेही स्टेशनपासून थोडं आत चालत गेलं की असा भाग लागतो. एक सोपी युक्ती, उन्हाळ्यात जाऊन सुकलेली जुनी घरटी हेरून ठेवा, कारण बऱ्याचदा वसाहत पुन्हा त्याच झाडावर बसते.

आता उजेड. घरटी बहुतेक वेळा झाडाच्या पूर्वेच्या बाजूला असतात, कारण पावसाचा वारा नैऋत्येकडून येतो आणि झाड आडोसा देतं. म्हणजे सकाळचं ऊन थेट घरट्यांवर पडतं! तुम्ही पूर्वेला, सूर्य पाठीशी, आणि समोर घरटी, यापेक्षा आणखी काय पाहिजे. म्हणून पहिल्या लोकलने निघा आणि सातच्या आत जागेवर असा. शेत कोणाचं तरी असतं हे विसरू नका, कोणी दिसलं की आधी जाऊन बोला, "काका, बांधावरून फोटो काढू का, भातात नाही उतरणार," एवढं म्हटलं की सहसा कोणी नाही म्हणत नाही, उलट दुसरं झाड कुठे आहे तेही सांगतात. आणि खरंच भातात उतरू नका.

अंतर १५ ते २० मीटर ठेवा आणि खाली बसा. शक्यतो रस्त्याच्या भरावावर किंवा उंच बांधावर जागा घ्या म्हणजे पक्षी डोळ्यांच्या लेव्हलला येतो आणि मागे पांढरं आभाळ न येता हिरवं भात येतं. झाडाच्या मधोमध लटकलेलं घरटं सोडा, कडेचं एकच हेल्मेट निवडा, ज्याच्या मागे मोकळं आहे, आणि त्यालाच चिकटून राहा. प्रत्येक आवाजाला लेन्स फिरवत बसलात तर काहीच हाती लागत नाही.

मादी नसताना नर विणत असतो. भाताच्या किंवा शिंदीच्या पात्याच्या कडेला चोचीने बारीक खाच पाडतो, ती पकडतो आणि तसाच उडतो की पट्टी सरसर फाटत निघते. हा फोटो पण सोडू नका, आणि नंतर ओल्या मातीचे गोळे आणून आतून लिंपतो तो पण. मग अचानक सगळं झाड बदलतं. एक मादी येऊन टेकली की इतका वेळ चिट-चिट करणारे नर एकदम आपापल्या हेल्मेटच्या खालच्या कडेला लटकतात, पंख जोरजोरात फडफडवतात, पिवळं डोकं पुढे, आणि लांब ची-ई-ई असा आवाज एका सुरात. हे काही सेकंदच चालतं, ती उडाली की संपलं. पण ती परत येते किंवा दुसरी येते, त्यामुळे पहिला मोका गेला तर हलू नका. चिट-चिटचा ची-ई-ई झाला की बटण दाबायचं, डोळ्यांनी मादी शोधत बसलात तर उशीर होतो.

सेटिंग माझं असं असतं: मॅन्युअल मोड, ऑटो आयएसओ (म्हणजे उजेडाची संवेदनशीलता कॅमेराच ठरवतो), अ‍ॅपर्चर एफ ७.१ किंवा ८ कारण घरटं वाऱ्याने पुढे-मागे हलतं, शटर १/२००० सेकंदाच्या वर. ढगाळ असेल तर आयएसओ ३२०० पर्यंत जातो, जाऊ द्या, नॉइज नंतर काढता येतो, हललेला डोळा नाही. एकदा शार्प फोटो मिळाले की मग शटर १/२५० वर आणा, डोकं स्थिर आणि पंख धूसर असा एखादा फ्रेम लागतो आणि मला तोच जास्त आवडतो. पिवळ्या रंगाकडे लक्ष ठेवा, उन्हात फोटोत डोक्यावरची पिसं फटकन जळतात, म्हणजे जास्त उजेडाने तपशील उडतो, हिस्टोग्राममध्ये (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखात) लाल चॅनल बघा आणि गडद हिरव्या बॅकग्राउंडला एक्स्पोजर अर्धा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) कमी करा. मागे पांढरं आभाळच असेल तर उलटं, एक स्टॉप वाढवा. लेन्स ४०० एमएम पुरते, ब्रिज कॅमेऱ्यानेही (लेन्स न बदलणारा, मोठ्या झूमचा कॅमेरा) उजेड चांगला असेल तर छान येतात.

पावसाचं म्हणाल तर रेनकव्हर आणि दोन सुके नॅपकिन. एसीतून डायरेक्ट बाहेर काढलेल्या लेन्सवर वाफ धरते, म्हणून रात्री बॅग एसी नसलेल्या खोलीत ठेवा. शेतात लेन्स बदलू नका. गमबूट घालाच, गवतात साप असतात, आणि कठडा नसलेल्या विहिरीच्या काठावर शेवाळ असतं, तिथे ट्रायपॉड लावायचा मोह टाळा.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. मध्ये येणारी फांदी तोडू नका, वाकवून बांधू पण नका, ती फांदी पावसापासून आणि कावळ्यांपासून आडोसा असते. मोबाइलवर आवाज वाजवून नराला बोलवू नका, ड्रोन तर नकोच. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना धक्का लावणं हे शिकारीच्या व्याख्येतच धरलंय. झाडावरून सगळे नर एकदम उडाले आणि परत येत नाहीत असं दिसलं तर तुम्ही जास्त जवळ आहात, उठा आणि मागे सरका. फोटो टाकताना गावाचं नाव आणि जीपीएस काढून टाका, तालुका लिहिलात तरी पुष्कळ झालं. नळ्या पूर्ण झाल्या की त्या झाडाकडे जाणं थांबवा आणि अर्धवट घरट्यांचं पुढचं झाड शोधा, ऑगस्टमध्ये सुद्धा कुठे ना कुठे सापडतंच.