नवरा-बायकोचा शनिवार: नेहमीच्या वाटेबाहेरची डेट कशी आखावी

आमच्या लग्नाला चौदा वर्षं झाली. त्यातली पहिली बारा वर्षं आमची डेट म्हणजे महिन्यातून एकदा बाहेर जेवण. वेटर यायच्या आधीच मला माहीत असायचं की हा काय मागवणार, आणि त्याला माहीत असायचं की मी अर्ध्यात ‘बास, पोट भरलं’ म्हणणार. जेवण येईपर्यंत मुलीची फी, सोसायटीचा मेंटेनन्स, आईंच्या डोळ्यांची तपासणी, एवढे विषय होऊन जायचे. भांडण नव्हतं, तक्रारही नव्हती. पण घरी परतल्यावर आपण कुठे जाऊन आलो असं वाटायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी एका शनिवारी ह्याने मला पहाटे साडेचारला उठवलं आणि म्हणाला, ‘जुने कपडे घाल, साडेआठपर्यंत परत येऊ.’ तेव्हापासून महिन्यातले दोन शनिवार आम्ही असेच काढतो. करता करता जे कळलं ते इथे लिहिते. इतक्या वर्षांत एकमेकांच्या आवडीनिवडी पाठ होतात आणि मग आपण त्या पाठांतरावरच संसार चालवतो. दोघांनाही अनोळखी असलेल्या जागी गेलं की ते पाठांतर कामाला येत नाही, आणि समोरच्याकडे पुन्हा नीट बघावं लागतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या एवढ्यासाठीच आहेत.

पहिली पायरी: तीन ठिकाणं बाद करा

हॉटेल, सिनेमा आणि मॉल. ही ठिकाणं वाईट नाहीत, पण तिथे आपल्याला करण्यासारखं काही नसतं. बसायचं, कोणीतरी आणून देणार, कोणीतरी दाखवणार. वाढदिवसाला खुशाल जा, या शनिवारांत मात्र ती धरू नका.

दुसरी पायरी: पाळी लावा

दोघांनी मिळून ठरवायला बसलं की ‘तू सांग’, ‘नाही, तूच सांग’ यात आठवडा जातो आणि शेवटी दोघांनाही चालेल अशी, म्हणजे नेहमीचीच जागा ठरते. म्हणून एका वेळी एकानेच ठरवायचं. दुसऱ्याला फक्त तीन गोष्टी सांगायच्या: किती वाजता निघायचं, पायात काय घालायचं आणि परत कधी यायचं. ‘कुठे?’ हा प्रश्न विचारायचा नाही. मला हे सुरुवातीला फार जड गेलं, कारण घरातलं सगळं नियोजन माझ्याकडे असतं. दुसऱ्याच्या हातात एक सकाळ पूर्ण सोपवायची सवय मला तीन-चार वेळांनंतर लागली.

ज्याची पाळी असेल त्याने दोन बंधनं पाळायची. एक, खर्च ठरलेल्या रकमेत. आमची मर्यादा प्रवास धरून पाचशे रुपये आहे. दोन, जागा अशी हवी की दोघांपैकी कोणालाच तिथलं फार काही माहीत नाही. नवरा ट्रेकर असेल आणि बायकोला प्रत्येक वेळी गडावर नेत असेल, तर तो गाइड होतो आणि ती पाहुणी. त्यात मजा एकाचीच.

तिसरी पायरी: घरी खरं सांगा

‘जरा काम आहे’ असं सांगून निघू नका. आम्ही पहिल्यांदा तसंच केलं आणि सगळा वेळ चोरी केल्यासारखं वाटत राहिलं. दुसऱ्या वेळी मी आईंना, म्हणजे सासूबाईंना, सरळ सांगितलं, ‘आई, आम्ही दोघंच फिरून येतो.’ त्या म्हणाल्या, ‘जा की. फक्त कुकर लावून जा आणि तिला उठवायचं किती वाजता ते सांग.’ एवढंच झालं.

घरात मोठं माणूस नसेल, तर शेजारच्या एखाद्या जोडप्याशी अदलाबदल करा. एका शनिवारी त्यांची मुलं तुमच्याकडे, पुढच्या शनिवारी तुमची त्यांच्याकडे. मुलांना हे आवडतं.

चौथी पायरी: वेळ उलटी करा

संध्याकाळी सगळं शहर बाहेर पडतं आणि आपणही दमलेले असतो. पहाटे दोन्ही अडचणी नसतात. एखादी जागा कितीही वेळा पाहिलेली असली, तरी पहाटे पाचला ती नवी असते.

त्या पहिल्या शनिवारी हा मला गुलटेकडीच्या मार्केट यार्डातल्या फुलबाजारात घेऊन गेला. मी पुण्यातच वाढले, पण फुलं आणली ती कोपऱ्यावरच्या टोपलीतून, पुडीत बांधलेली. इथे टेम्पोतून पोती उतरत होती. झेंडूचे ढीग, पांढरी आणि पिवळी शेवंती, बिजली, अ‍ॅस्टर, गुलछडीच्या ओल्या जुड्या. एका गाळ्यावर डच गुलाबाच्या गड्ड्या कागदात गुंडाळून उभ्या होत्या. आडत्याने सांगितलं की हे मावळातल्या पॉलीहाऊसमधले. फेब्रुवारीत व्हॅलेंटाइनसाठी हाच माल परदेशात जातो. गाळ्यांवर व्यवहार किलोचा आणि गड्डीचा असतो, घरच्या देवापुरती फुलं तिथे मागू नयेत, घाईची वेळ असते. सुटी फुलं बाहेर बसलेल्या बायकांकडे मिळतात.

त्या बाहेर बसलेल्यांपैकी एक मावशी मोगऱ्याचे गजरे बांधत होत्या. उन्हाळ्याचे दिवस होते, कळ्या टपोऱ्या होत्या. हा त्यांच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, ‘मावशी, मला शिकवाल?’ मी बघतच राहिले. दुकानात शर्टाचा दुसरा साइज मागायलाही मला पुढे करणारा माणूस. मावशींनी बाजूचं बारदान सरकवलं, त्याच्या हातात दोरा दिला. दोन कळ्या इकडे तोंड, दोन कळ्या तिकडे तोंड, देठावर देठ, वरून दोऱ्याचा फास आणि ओढ. त्याच्या पहिल्या फासात दोन देठ तुटले. ‘दादा, आवळू नका इतकं,’ मावशी म्हणाल्या, ‘दोऱ्याला कळू दे, कळीला नको.’ अर्ध्या तासात त्याने वीतभर गजरा बांधला. मध्ये दोन ठिकाणी कळ्या एकाच बाजूला झुकल्या होत्या. मावशींनी गजऱ्याचे पैसे घेतले, त्याने बिघडवलेल्या कळ्यांचेसुद्धा, आणि ते बरोबरच होतं.

स्कूटरवर मागे बसून मी तो गजरा माळला. घरी येईपर्यंत आम्ही फारसं बोललो नाही. त्याची बोटं इतकी हळू काम करू शकतात हे मला माहीत नव्हतं, आणि मी तेच आठवत होते.

दसऱ्याच्या किंवा लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी मात्र तिकडे फिरकू नका. झेंडूची आवक आणि गिऱ्हाईक दोन्ही इतकं असतं की पाय ठेवायला जागा नसते.

पाचवी पायरी: दर तीन-चार महिन्यांनी एकदा लांब जा, पण गाडी घरी ठेवा

हे आम्ही चुकून शिकलो. पावसाळ्यातल्या एका रविवारी माझी पाळी होती आणि मी कारने लोहगडाकडे जायचं ठरवलं. भाजे गावाच्या रस्त्यावर अडीच तास गाडी जागची हलली नाही. दोघंही चिडलो, अर्ध्यातून परतलो. मी चार दिवस स्वतःवर रागावले होते. पण मग तीच वाट आम्ही हिवाळ्यात शनिवारी, लोकलने केली.

शिवाजीनगरहून लोणावळा लोकल पकडायची आणि लोणावळ्याच्या आधीचं स्टेशन, मळवली, तिथे उतरायचं. एक्स्प्रेसवेवरचा पूल ओलांडून भाजे गावाकडे रमतगमत चालत जायचं आणि पायऱ्या चढायच्या. वर इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास खोदायला सुरुवात झालेली २२ लेणी आहेत. मुख्य चैत्यगृहाच्या, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहाच्या, आत उभं राहून वर बघा. छताला लाकडी कमानी आहेत. दगडात कोरलेलं छत पडणार नव्हतंच, त्याला आधाराची गरज नव्हती. पण तोवर लाकडी चैत्य बांधण्याची सवय असलेल्या कारागिरांनी दगडातही लाकूड बसवलं, आणि खांबसुद्धा लाकडी इमारतीतल्यासारखे आत कललेले ठेवले. ते लाकूड दोन हजार वर्षांनंतरही बरंचसं जागेवर आहे.

तिथून पुढे दगडी स्तूपांचा एक घोळका आहे, एकूण १४. आणि त्याच्याही पुढे, दक्षिणेच्या टोकाला, बरेच लोक कंटाळून जात नाहीत तिथे एक छोटा विहार, म्हणजे भिक्षूंच्या राहण्याची जागा आहे. त्याच्या व्हरांड्यातल्या शिल्पांत एक स्त्री तबल्यासारखी वाद्यांची जोडी वाजवते आहे आणि दुसरी नाचते आहे. त्या नाचणारीकडे बघत ह्याने मला विचारलं, ‘तू शाळेत नाच शिकायचीस ना? सोडलास का?’ चौदा वर्षांत हा प्रश्न कधी निघाला नव्हता. परत येताना त्या एक्स्प्रेसवेच्या पुलावर थांबून मी उत्तर दिलं. बाबांची बदली झाली, नव्या गावात क्लास नव्हता, आणि पुन्हा पुण्यात आलो तेव्हा दहावी होती. खालून ट्रक जात होते, त्यामुळे मला बरंचसं मोठ्याने बोलावं लागलं.

व्यवहाराच्या दोन गोष्टी: दुपारी लोकलमध्ये मोठी गॅप असते, तेव्हा परतीचं वेळापत्रक आधी बघून ठेवा. आणि पावसाळ्यात गेलात, तर धबधब्याच्या प्रवाहात उतरू नका, पाणी मिनिटांत वाढतं.

सहावी पायरी: ऊन-पावसासाठी एक छप्पर हाताशी ठेवा

आमच्यासाठी ते बाजीराव रोडजवळचं राजा दिनकर केळकर संग्रहालय. शाळेच्या सहलीत सगळ्यांनी पाहिलेलं असतं, म्हणजे रांगेतून पळवत नेलेलं असतं. दिवे, अडकित्ते, दौती, स्वयंपाकघरातली भांडी, वाद्यं. दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या नावाने हा संग्रह उभा केला. संग्रहात सुमारे २०,००० वस्तू आहेत आणि मांडलेल्या त्यांतल्या थोड्याच. त्यांच्या पत्नी कमलाबाईंचीही या कामात मोठी साथ होती. दोन माणसांनी दुःखाचं काय केलं, हे मनात ठेवून ती दालनं बघितली, तर साधा अडकित्ताही वेगळा दिसतो.

तिथे आम्ही एक खेळ खेळतो. दोघांनी वेगवेगळं फिरायचं, अर्ध्या तासाने जिन्यापाशी भेटायचं. प्रत्येकाने घरी न्यावीशी वाटेल अशी एक वस्तू मनात धरायची आणि दुसऱ्याने ती ओळखायची. मी पैज मारून सांगितलं होतं की हा एखादं हत्यार निवडेल. त्याने निवडला होता एक छोटा दिवा. आजोळी तुळशीपाशी तसाच दिवा असायचा म्हणे.

सातवी पायरी: बोलण्याचे नियम

फी, हप्ता, नातेवाईक आणि ऑफिस हे चार विषय बंद. फोन एकच न्यायचा, घरून आला तर घ्यायला. फोटो दोन पुरेत. काही सुचलं नाही तर गप्प राहा. चालताना किंवा काही बघत असताना ती शांतता खुपत नाही.

आणि बेत फसला तर ठरवणाऱ्याला त्याच दिवशी काही बोलायचं नाही. हा नियम मोडलात तर पुढच्या वेळी तो माणूस पुन्हा हॉटेलच ठरवेल. त्याला कोण दोष देणार?

पुण्याबाहेर राहत असाल तर

मुंबईकरांनी भाऊच्या धक्क्यावरून लाँचने पलीकडे जाऊन, तिथे चहा घेऊन परत यावं. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर उभं राहून समोर पिळलेलं म्हशीचं धारोष्ण दूध प्या. ओठांवरचा फेस पुसायला रुमाल न्या. नागपूरकरांना मोतीबागेचं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे. नाशिकला पांडवलेणी आहेत, सकाळी लवकर चढा. गोव्यात जुन्या गोव्याहून दिवाडी बेटाची फेरी घ्या, पायी जाणाऱ्याला तिकीटही लागत नाही. आणि गावाकडे असाल, तर जत्रेतला कुस्त्यांचा फड जोडीने बघा. नारळाच्या बक्षिसावर होणाऱ्या पहिल्या कुस्त्यांपासून बसा. एकमेकांचा पैलवान कोण ते आधी ठरवून ठेवा.

शेवटची पायरी: घरात शिरण्याआधी अर्धा तास

थेट दारात जाऊ नका. चप्पल काढल्या क्षणी गिझर, डबा, कपडे सुरू होतं आणि आत्ता काय पाहिलं ते विरून जातं. आम्ही आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या टपरीवर थांबतो. दोन कटिंग, एक क्रीमरोल अर्धा-अर्धा. आज काय आवडलं ते प्रत्येकाने एकच सांगायचं. मग पुढची पाळी कोणाची आणि कोणता शनिवार, ते चहा संपायच्या आत ठरवून कॅलेंडरवर लिहायचं. जागा लिहायची नाही, नुसती वेळ. आमच्या फ्रिजवरच्या कॅलेंडरमध्ये आत्ता येत्या शनिवारच्या चौकोनात ‘५.१५, बूट’ एवढंच लिहिलेलं आहे, त्याच्या अक्षरात.