एकाच प्लॅटफॉर्मवरची साधी आणि आलिशान गाडी : जास्तीचे पैसे कुठे गेले ते कसे तपासावे

तीस-चाळीस लाखांची गाडी घ्यायला निघालेल्या नाशिककराला हल्ली एक प्रश्न हमखास पडतो. दोन गाड्यांचा तळ, इंजिन आणि गिअरबॉक्स जर एकाच घरातले असतील, तर वेगळ्या बोधचिन्हासाठी दहा-बारा लाख जास्त का मोजावेत? प्रश्न रास्त आहे. मात्र ‘आतून सगळे सारखेच असते’ हे त्याचे ठरलेले उत्तर चुकीचे आहे, आणि ‘महाग आहे म्हणजे चांगलीच असणार’ हे उत्तर त्याहूनही चुकीचे आहे. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांच्या सुट्या भागांची तपासणी करण्यात माझी बरीच वर्षे गेली, त्यामुळे कोणतीही वस्तू हातात घेऊन, दुसरीशी ताडून मगच मत बनवायची सवय लागली. गाडीची निवडही त्याच रीतीने करता येते, आणि त्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही.

प्लॅटफॉर्म म्हणजे गाडीचा अख्खा सांगाडा, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तो काही मापांचा, जोडणीच्या जागांचा आणि विजेच्या यंत्रणेचा संच असतो. फोक्सवॅगन समूहाने २०१२ मध्ये ऑडी ए३ आणि गोल्फ या गाड्यांपासून वापरात आणलेल्या एमक्यूबी प्लॅटफॉर्ममध्ये ॲक्सिलरेटरचे पेडल आणि पुढच्या चाकाचा मध्य यांमधील अंतर कायम ठेवलेले असते. व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधील अंतर), रुंदी आणि मागची लांबी मात्र गाडीनुसार बदलते. म्हणजे सामायिक काय आहे, तर मुख्यतः जिथे संशोधनाचा आणि साच्यांचा खर्च सर्वांत जास्त असतो तो पुढचा भाग. त्यावर काय चढवायचे हे प्रत्येक ब्रँड स्वतः ठरवतो.

आपण पाहत असलेल्या आलिशान गाडीचा स्वस्त भाऊ कोणता, हे आधी शोधावे. त्यासाठी गाडीकडे बाजूने पाहावे आणि पुढच्या चाकाचा मध्य व पुढच्या दाराची कड यांमधील अंतर डोळ्यांत साठवावे. बीएमडब्ल्यू ३ सिरीज किंवा मर्सिडीज सी-क्लास यांसारख्या मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या रचनेच्या गाड्यांत हे अंतर चांगले लांब असते, तर ऑडी क्यू३, मर्सिडीज जीएलए किंवा लेक्सस ईएस यांसारख्या, इंजिन आडवे बसवलेल्या गाड्यांत ते आखूड असते. अंतर आखूड दिसले की त्या गाडीचे नातेवाईक साध्या गाड्यांत सापडण्याची शक्यता वाढते.

इंजिन एकच असणे हा त्यानंतरचा मुद्दा असून त्याला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले जाते. रेनो-निसान आणि मर्सिडीजची तेव्हाची मूळ कंपनी डेम्लर यांनी मिळून विकसित केलेले सुमारे १.३ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन २०२० मध्ये रेनो डस्टरमध्ये १५६ पीएस ताकद आणि २५४ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) अशा आकड्यांनिशी आले, आणि पुढच्याच वर्षी त्याच कुळातले इंजिन मर्सिडीज ए-क्लास लिमोझिनमध्ये १६३ पीएस आणि २५० न्यूटन-मीटर असे दिसले. किमतीत जवळजवळ तिपटीचा फरक होता, पण या दोन गाड्या एकसारख्या चालतात असे म्हणणे कोणालाही शक्य नव्हते. इंजिन हा गाडीच्या अनुभवाचा एक वाटा आहे, आणि शहरात तर तो बराच लहान वाटा आहे.

खरी कसोटी लागते ती सख्ख्या भावांमध्ये. २०२१ च्या अखेरीस आलेली फोक्सवॅगन टिग्वान आणि २०२२ मध्ये आलेली ऑडी क्यू३ यांची जुळणी छत्रपती संभाजीनगरच्या एकाच कारखान्यात होत होती; दोन्हींत २ लिटरचे १९० पीएस आणि ३२० न्यूटन-मीटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, सात गिअरचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स आणि चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा होती. सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत मात्र टिग्वानची ३१.९९ लाख आणि क्यू३ची ४४.८९ लाख रुपये होती. इथे ‘क्वाट्रो’ या, चारही चाकांना ताकद देणाऱ्या यंत्रणेला ऑडीने दिलेल्या नावापाशी ग्राहकाने जरा थांबावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. ऑडी क्यू७ सारख्या, इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेल्या मोठ्या गाडीत क्वाट्रो म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांत ताकद वाटणारा, मध्यभागी असलेला खरा यांत्रिक डिफरन्शियल. क्यू३ मध्ये त्याच नावाखाली गरजेनुसार मागच्या चाकांकडे ताकद वळवणारा क्लच असतो, आणि टिग्वानच्या ‘फोरमोशन’मध्येही तीच कल्पना आहे. यंत्रणा वाईट नाही, त्र्यंबकेश्वरकडच्या पावसाळी रस्त्यावर ती उपयोगाचीच आहे. पण तिच्यासाठी आपण वेगळे पैसे देत आहोत असे समजू नये.

याउलट, प्लॅटफॉर्म एकच असूनही हाडेच बदललेली असू शकतात. याचे उत्तम उदाहरण आपल्या पुण्याजवळ तयार होणाऱ्या टाटा हॅरिअरचे आहे. २०१९ च्या जानेवारीत आलेल्या या गाडीचा प्लॅटफॉर्म लँड रोव्हर डिस्कव्हरी स्पोर्टच्या डी८ प्लॅटफॉर्मवरून घेतलेला असून दोन्हींचा व्हीलबेस २,७४१ मिलिमीटर असा तंतोतंत सारखा आहे. तरीही लँड रोव्हरमध्ये मागच्या प्रत्येक चाकाला अनेक दांड्यांचे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, तर हॅरिअरमध्ये दोन्ही मागची चाके जोडणारा आणि खड्ड्यांत थोडा पिळला जाणारा बीम वापरला आहे. महागडे ॲल्युमिनियम जिथे होते तिथे पोलाद आले, आणि इंजिन फियाटच्या कुळातले डिझेल आले. टाटांनी हे विचारपूर्वक केले आणि त्यामुळेच ती गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. मात्र ‘ही लँड रोव्हरच आहे’ असे कोणी सांगितले, तर मागचे सस्पेन्शन पाहायला सांगावे.

हे पाहण्यासाठी गाडी रॅम्पवर चढवून घेणे उत्तम. नवी गाडी शोरूमवाले सहसा चढवू देत नाहीत, पण त्याच मॉडेलची वापरलेली गाडी ओळखीच्या गॅरेजमध्ये दहा मिनिटे पाहायला मिळते. खाली उभे राहून मागच्या चाकांमध्ये एकच जाड बीम आहे की प्रत्येक चाकाला वेगवेगळ्या दांड्या आहेत ते पाहावे. पुढच्या लोअर आर्मला, म्हणजे चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांडीला, लोहचुंबक लावावे. चिकटला तर पोलाद, नाही तर ॲल्युमिनियम. चाकाच्या कमानीत आतून हात फिरवावा. कडक प्लास्टिकऐवजी नमद्यासारखे मऊ अस्तर लागले, तर टायरने उडवलेल्या खडीचा आणि पाण्याचा आवाज दाबण्यासाठी खर्च केलेला आहे असे समजावे.

शोरूममध्ये करायच्या तपासण्या सोप्या आहेत. दाराची काच अर्धी खाली करून तिची वरची कड निरखावी. मध्ये बारीक रेघ दिसली तर ती दोन थरांची लॅमिनेटेड काच आहे आणि महामार्गावरचा वाऱ्याचा आवाज ती लक्षणीय कमी करते. काही गाड्यांत अशी काच फक्त पुढच्या दारांना असते, म्हणून मागचीही तपासावी. दाराभोवतीच्या रबराचे थर मोजावेत, दाराच्या खालच्या कडेलाही रबर आहे का ते बघावे. डॅशबोर्डच्या वरच्या मऊ भागावर कोणीही खर्च करतो. गुडघ्याजवळचे प्लास्टिक, दाराच्या कप्प्याचे आतले अस्तर आणि मागच्या सीटवरचे एसीचे बटण यांवरून कंपनीने हात कुठे आखडता घेतला ते कळते. दोन्ही गाड्यांच्या माहितीपत्रकांतील वजन शेजारी लिहून ठेवावे. आकार सारखा असूनही आलिशान गाडी जड असेल, तर त्या वजनात आवाज रोखणाऱ्या थरांचाही वाटा असू शकतो.

चाचणीचा रस्ता आपण निवडावा, विक्रेत्याला निवडू देऊ नये. नाशिकमध्ये शहरावरून जाणारा मुंबई-आग्रा महामार्गाचा लांब उड्डाणपूल मला या कामासाठी सर्वांत योग्य वाटतो, कारण त्याच्या सांध्यांवर ठरावीक अंतराने एकसारखा दणका बसतो. एकाच वेगाने, रेडिओ आणि एसीचा पंखा बंद ठेवून, आधी स्वस्त आणि लगेच महाग गाडी न्यावी. धक्का बसतो की नाही यापेक्षा त्यानंतर गाडी किती वेळ हलत राहते आणि स्टिअरिंगपर्यंत किती थरथर पोहोचते याकडे लक्ष द्यावे. टोयोटा कॅम्री आणि टोयोटाच्याच आलिशान ब्रँडची लेक्सस ईएस यांच्या गेल्या पिढीतला फरक नेमका इथेच होता. दोघी एकाच जीए-के प्लॅटफॉर्मवरच्या, दोघींत २.५ लिटरचे हायब्रिड इंजिन, दोघी कर्नाटकातल्या बिडदीत तयार होणाऱ्या. पण ईएसचा व्हीलबेस २,८७० मिलिमीटर, कॅम्रीपेक्षा ४५ मिलिमीटरने जास्त, आणि तिच्या शॉक ॲब्सॉर्बरमध्ये अगदी सूक्ष्म हालचालीलाही प्रतिसाद देणारा एक जादा व्हॉल्व्ह दिलेला होता. माहितीपत्रकात अशी गोष्ट एका ओळीत संपते, पण मागच्या सीटवर बसलेल्या वयस्कर माणसाच्या पाठीला ती लगेच कळते. म्हणून चाचणीला आई-वडिलांना अवश्य न्यावे आणि स्वतःही काही वेळ मागे बसावे.

टायरही पाहावेत. आलिशान गाडीला बहुधा मोठी रिम आणि पातळ टायर असतात, काहींना पंक्चर झाल्यावरही चालणारे रन-फ्लॅट असतात, आणि पावसाळ्यातल्या खड्ड्यांत हेच टायर त्या महाग सस्पेन्शनचा बराचसा फायदा घालवतात. पर्याय असेल तर लहान रिम घ्यावी.

किमतीतला फरक सगळा गाडीत जात नाही, हेही मांडून पाहावे. मोठ्या गाड्यांवर सध्या ४० टक्के जीएसटी आहे; म्हणून एक्स-शोरूम किमतीतल्या १० लाखांच्या फरकापैकी सुमारे २ लाख ८६ हजार कर असतो. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या २० लाखांपुढील पेट्रोल गाडीला १३ टक्के वाहनकर धरला, तर आणखी सुमारे १ लाख ३० हजार जातात. म्हणजे खिशातून ११ लाख ३० हजार गेले, तरी कंपनी आणि विक्रेता यांच्याकडे मिळून साधारण ७ लाख १४ हजारच उरतात. रॅम्पवर आणि उड्डाणपुलावर जे दिसले, ते या रकमेच्या तोलाचे आहे का, असा हिशेब धरावा.

बुकिंगची रक्कम देण्यापूर्वी दोन्ही ब्रँडच्या सर्व्हिस सेंटरकडून पुढचा हेडलाइट, पुढची काच, एक लोअर आर्म आणि ब्रेक पॅड यांचे दर लेखी मागवावेत, आणि काम नाशिकमध्येच होईल की गाडी मुंबई-पुण्याला न्यावी लागेल तेही त्याच कागदावर लिहून घ्यावे. फोक्सवॅगन समूहाच्या भागांवर क्रमांक वाचता येतो: एमक्यूबीच्या अनेक सामायिक भागांचा क्रमांक ‘५क्यू’ने, तर गेल्या पिढीच्या ए३ साठी खास केलेल्या भागांचा ‘८व्ही’ने सुरू होतो. भाग सामायिक असेल आणि दोन काउंटरवर दर वेगळे निघाले, तर त्याचे कारण तिथल्या तिथे विचारावे.