जुनी शववाहिका शोधताय? बोनेट नंतर उघडा, आधी मागचं दार

माझ्या दारात १९७२ सालची कॅडिलॅक शववाहिका उभी आहे. फोनवर हे कळल्यावर आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मढ्याची गाडी दारात आणून ठेवलीस? निदान लिंबू-मिरची तरी बांध." बांधली. गंजावर तिचा काही परिणाम झाला नाही.

मी ओहायोत राहतो, डेटनजवळ. या छंदाला याहून सोयीचा मुलूख सापडणार नाही. शववाहिकांच्या बॉडी बांधणाऱ्या जुन्या कंपन्या इथल्याच. मिलर-मीटिअर पिक्वाची, सुपीरिअर लायमाची, हेस अँड आयझनहार्ट सिनसिनाटीची, ब्युइकवर बॉडी बांधणारी फ्लेक्सिबल लाउडनव्हिलची. सगळी गावं याच राज्यातली. तरीही पहिल्या गाडीत मी फसलो, आणि फसवलं कोणी नाही, माझं मीच.

कॅडिलॅक म्हणून गाडी घेणं

चूक एवढीच, पण बाकीच्या बहुतेक चुका तिच्याच पोटातून निघतात. अमेरिकन शववाहिका दोन घरांत वाढलेली असते. कॅडिलॅककडून 'कमर्शिअल चासी' निघायची: इंजिन, जाड चौकट, दणकट स्प्रिंगा आणि पुढचा पत्रा. पाठ नाही, छप्पर नाही. १९५९च्या या चासीचा व्हीलबेस १५६ इंच, म्हणजे बरोबर १३ फूट. त्याच वर्षीच्या नेहमीच्या सेदानचा १३० इंच. ही अर्धी गाडी बॉडी बांधणाऱ्याकडे जायची. छप्पर, काचा, मागचं दार, शवपेटी सरकवायचे रूळ, सगळं तो चढवायचा.

म्हणून चालकाच्या पुढचं जवळपास सगळं आजही मिळतं: वॉटर पंप, कार्बुरेटर, दिवे. पाठीमागचं मिळत नाही. मिलर-मीटिअर १९७९मध्ये बंद पडली. तिच्या मागच्या दाराचं बिजागर आता कोण ओतून देणार? मागची काच फुटली असेल तर नवी काच शोधणं म्हणजे दुसरी गाडीच शोधणं.

तेव्हा गाडी बघायला गेलात की थेट मागे जा. दार उघडून अर्ध्यावर सोडा. ते खाली झुकलं, बंद करताना उचलावं लागलं, तर बिजागर तरी गेलंय नाहीतर दाराची चौकट तरी. दाराच्या खालच्या कडेवरून बोट फिरवा. आतली चटई उचलून स्टेपनीच्या खळग्यात टॉर्च मारा. मी नेमकं उलटं केलं. ४७२ घनइंचांचं इंजिन एका चावीत सुरू झालं आणि माझं डोकं तिथेच बंद पडलं.

पॅकार्ड कंपनीच्या चासीवर हेनी या कंपनीने बांधलेली गाडी दिसली तर दुप्पट सावध. तिथे तर दोन्ही घरं बुडालेली: हेनीने १९५४मध्ये शववाहिका बांधणं थांबवलं आणि १९५८नंतर पॅकार्डही राहिली नाही. गाडी देखणी असते, यात वाद नाही.

चकचकीत छपराला भुलणं

'लँडो' पद्धतीच्या गाडीचं मागचं छप्पर व्हायनिलने मढवलेलं असतं आणि बाजूला इंग्रजी एस अक्षरासारखी क्रोमची पट्टी असते. जुन्या घोडागाडीच्या दुमडत्या टपाची ती आठवण. आता काहीच दुमडत नाही. व्हायनिलखाली पाणी शिरलं की तिथेच मुरतं. वरून काळं, तुकतुकीत, आत चाळण.

पट्टीच्या खालच्या टोकाजवळ अंगठा दाबा. पत्रा जागेवर असेल तर अंगठा अडतो. माझ्या गाडीत आधी तो रुतला, मग पापड मोडल्यासारखा आवाज आला. विकणारा म्हणाला, "गादी जरा मऊ झालीय." घरी आणून व्हायनिल सोलला तेव्हा खालून वाटीभर तांबडा चुरा पडला आणि भोकातून गाडीच्या आतला पडदा दिसला. ओहायोत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, हे मला ठाऊक नव्हतं थोडंच! दक्षिणेकडच्या कोरड्या राज्यातली गाडी महाग पडली, आणायचा खर्च वर आला, तरी शेवटी तीच स्वस्त.

कमी मैल म्हणजे कमी झीज, हा समज

पन्नास वर्षांत तीस हजार मैल, असा आकडा दिसला की खोटा वाटतो. बहुतेकदा खरा असतो. पण ते मैल कसले? चर्चपासून दफनभूमीपर्यंत, पायी चालणाऱ्याच्या गतीने, मग तासभर उभी. इंजिन नीट तापतच नाही. तेलात ओल राहते, गाळ धरतो. तेलाचं झाकण उघडून आत काळी साय दिसते का पाहा. नंतर वीस मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवा आणि तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवा. उभ्या उभ्या जास्त तापायचा दोष रस्त्यावर फेरी मारून कळत नाही, वारा लागला की सगळ्या गाड्या थंड राहतात.

शववाहिका, रुग्णवाहिका की दोन्ही

अमेरिकेतल्या लहान गावांत १९७०च्या दशकापर्यंत रुग्णवाहिका बऱ्याचदा अंत्यसंस्कारवालेच चालवायचे. सकाळी दवाखाना, दुपारी दफनभूमी, गाडी तीच. अशा गाडीला 'कॉम्बिनेशन' म्हणतात आणि तिला भाव जास्त, म्हणून साध्या शववाहिकेवर लाल दिवा बसवून ती कॉम्बिनेशन म्हणून खपवणारेही भेटतात. दिव्याकडे बघू नका, जमिनीकडे बघा. खऱ्या कॉम्बिनेशनमध्ये रुळांच्या फळ्या उलटल्या की सपाट जमीन तयार होते. दिव्याची वायर छपरातून जुन्या रस्त्याने खाली आलीय की नव्या भोकातून, तेही तपासा.

१९५९ची मिलर-मीटिअर तर पहिल्या खेपेला नकोच. १९८४च्या एका हॉलिवूड भूतपटात ती झळकली, तेव्हापासून सांगाडासुद्धा नटाचा भाव मागतो.

विचारायची पद्धत

चांगल्या गाड्या जाहिरातीत येण्याआधीच जातात. त्या असतात छोट्या गावातल्या, पिढीजात अंत्यसंस्कारगृहाच्या मागच्या शेडमध्ये. तिथे 'हर्स (शववाहिका) आहे का' असं विचारू नका. धंद्यातली माणसं 'कोच' म्हणतात. फोनपेक्षा पत्र बरं. मालकाला तीन भीती असतात: गाडी हॅलोवीनच्या तमाशात जाईल, डिमोलिशन डर्बीत, म्हणजे गाड्या एकमेकींवर आदळायच्या खेळात, चेचली जाईल (जाड चौकटीमुळे तिथे तिला मागणी होती, कितीतरी तशाच संपल्या), किंवा वडिलांच्या नावाची पाटी काचेत तशीच ठेवून कोणी गावभर मिरवेल. पाटी काढून तुमच्या हाती देतो, एवढं पहिल्या भेटीत सांगा. माझं अर्धं काम तिथेच झालं होतं.

१९७६पासून चालू असलेली प्रोफेशनल कार सोसायटी याच गाड्यांची. सभासद होऊन एका मेळाव्याला जा आणि खिशात पैसे नेऊ नका.

टेप न लावणं

माझं गॅरेज आतून २० फूट. गाडी २१ फुटांच्या घरात. हे मला ट्रेलरवरून गाडी उतरवल्यावर कळलं. सध्या दार अर्धवट उघडं, नाक बाहेर आणि त्यावर ताडपत्री. ट्रेलर ठरवतानाही लांबी आणि वजन आधी सांगा. नेहमीच्या गाडीचा ट्रेलर घेऊन चालक येतो आणि भाडं घेऊन परत जातो.

गाडी भारतात न्यायचा विचार असेल तर रूळ काढून बाक बसवणं, मागचा भाग कापून पिकअप करणं असले खेळ करू नका. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार विंटेज नोंदणीसाठी गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात लागते, चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल चालत नाही. नोंदणी झाली तरी रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर काढता येते. कुजलेले पडदेसुद्धा टाकू नका. शिंप्याला चुण्या मोजायला तेच लागतात. माझे मी पहिल्याच आठवड्यात कचऱ्यात टाकले.