लाइट गेली, कॉम्प्युटर 'इनिट्रॅमएफएस'वर अडकला: फॉरमॅट मारण्याआधी काय करायचं

मे महिन्यातली दुपार, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना. लाइट गेली, यूपीएसनं दोन मिनिटंही दम धरला नाही. लाइट आल्यावर बिलिंगच्या कॉम्प्युटरवर उबुंटू या लिनक्स सिस्टिमऐवजी काळा पडदा, कंसात 'इनिट्रॅमएफएस' एवढा एकच शब्द आणि पुढं लुकलुकणारा कर्सर. मी पोचेपर्यंत कारखान्यातल्या अण्णांना कुणीतरी सांगून टाकलं होतं, "डिस्क गेली, फॉरमॅट मारावं लागतंय." डिस्क गेली नव्हती.

लिनक्स सुरू होताना कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आधी रॅममध्ये एक छोटी, तात्पुरती फाइल सिस्टिम उघडतो. तिचंच नाव इनिट्रॅमएफएस. खरी डिस्क शोधायची, तपासायची, जोडून द्यायची आणि बाजूला व्हायचं, एवढंच तिचं काम. डिस्क सापडली नाही किंवा तपासणीत घोळ निघाला, की ती तुम्हाला तिथंच थांबवते आणि हातात अवजारांची पेटी देते. डेबियनमध्ये आणि उबुंटूच्या २५.१० पूर्वीच्या आवृत्त्यांमध्ये त्या पेटीचं नाव बिझीबॉक्स. ब्रूस पेरेन्स यांनी १९९५ साली ती लिहायला घेतली, डेबियनची बचाव-सिस्टिम एकाच फ्लॉपीत बसावी म्हणून. फ्लॉपी १.४४ एमबीची, त्यामुळं काटकसर अशी की प्रोग्रॅम एकच आणि नावं अनेक. ज्या नावानं हाक माराल ते काम तो करतो.

या लेखात कमांड देवनागरीत आहेत, टाइप करताना इंग्रजी छोटी अक्षरं घ्या. मध्ये आडवी रेघ देऊन सुटी लिहिलेली अक्षरं एकमेकांना चिकटवून टाइप करायची, ती रेघ सोडून. '-एन' सारख्या अक्षराआधीची रेघ आणि 'अपडेट-इनिट्रॅमएफएस', 'इनिट्रॅमएफएस-टूल्स' यांतली रेघ मात्र टाइप करायची.

आधी फोटो, मग एक्झिट

मोबाइलवर पडद्याचा फोटो काढा. पॉवरचं बटण दाबू नका. मग 'एक्झिट' टाइप करून एंटर मारा. पुष्कळदा तेवढ्यानंच खरी तक्रार समोर येते. तक्रारी मुख्यतः दोन. एक, 'अनएक्स्पेक्टेड इनकन्सिस्टन्सी, रन एफ-एस-सी-के मॅन्युअली'. म्हणजे डिस्क सापडली, पण फाइल सिस्टिमचा हिशेब जुळत नाही. दुसरी, 'अलर्ट, अमुक यूयूआयडी डज नॉट एक्झिस्ट'. यूयूआयडी हा डिस्कवरच्या भागाचा ओळख क्रमांक, तो सापडत नाही म्हणजे डिस्कच दिसत नाही. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून नीट वाचा.

पेटीत काय आहे ते बघा

'हेल्प' टाइप केलं की शेलच्या आतल्या कमांडची यादी येते, नुसतं 'बिझीबॉक्स' टाइप केलं की बाकीच्यांची. 'सुडो' इथं नाही आणि लागतही नाही. तुम्ही आधीच रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेले वापरकर्ते आहात, पासवर्डही कुणी विचारत नाही. त्यामुळंच इथं हात जपून चालवायचा.

नुसत्या बघण्याच्या कमांडनं काही बिघडत नाही. 'सी-ए-टी /प्रोक/सी-एम-डी-लाइन' केलं की कर्नलला कोणती डिस्क शोधायला सांगितलंय ते 'रूट=' या शब्दापुढं दिसतं. 'बी-एल-के-आय-डी' केलं की प्रत्यक्षात सापडलेली पार्टिशन्स (डिस्कचे भाग), त्यांचे यूयूआयडी आणि प्रकार दिसतात. दोन्हीकडचा यूयूआयडी जुळवा. अण्णांच्या कॉम्प्युटरवर तो जुळला: /डेव्ह/एसडीए२, प्रकार ईएक्सटी४. एनव्हीएमई डिस्क असेल तर नाव लांबलचक दिसेल, घाबरू नका.

आता 'डी-एम-ई-एस-जी'. कर्नलचा सगळा पाढा सरकत जाईल. त्यात डिस्कच्या नावासोबत 'आय/ओ एरर' वारंवार दिसला, तर इथंच थांबा. डिस्क खरोखर आजारी आहे. तिच्यावर दुरुस्ती चालवाल तर असलेलंही जाईल. लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करून आधी डेटा दुसरीकडं काढा.

हिशेब जुळत नसेल तर

'आय/ओ एरर'ची ओळ दिसली नाही, तर 'सी-ए-टी /प्रोक/माउंट्स' बघा. आपलं पार्टिशन जोडलेलं दिसलं तर 'यू-माउंट /रूट' करून सोडवा. हा शब्द यू-एम-ओ-यू-एन-टी असा आहे, यू आणि एम यांच्यामध्ये एन नाही. जोडलेल्या पार्टिशनवर दुरुस्ती कधीही चालवायची नाही.

मग 'एफ-एस-सी-के -एन /डेव्ह/एसडीए२', एसडीए२ च्या जागी तुमच्या पार्टिशनचं नाव. यातला एन छोटाच हवा. ही नुसती पाहणी, डिस्कवर काही लिहिलं जात नाही. चुका दिसल्या की तीच कमांड एनच्या जागी वाय घालून चालवा, म्हणजे प्रत्येक प्रश्नाला 'हो' आपोआप जातं. वाय न देताही चालतं, पण मग शंभर वेळा वाय दाबत बसाल आणि विसाव्यानंतर वाचणार नाही, हे मी स्वतःवरून सांगतो. 'फाइल सिस्टिम वॉज मॉडिफाइड' आलं की पुन्हा एकदा चालवा, 'क्लीन' येईपर्यंत. हे सगळं ईएक्सटी४ साठी. एक्सएफएस आणि बीटीआरएफएसवर एफ-एस-सी-के काहीच करत नाही, त्यांची अवजारं वेगळी.

अण्णा पाठीमागं उभेच होते. म्हणून 'माउंट -ओ आर-ओ /डेव्ह/एसडीए२ /रूट' करून पार्टिशन फक्त वाचण्यापुरतं जोडलं आणि 'एल-एस /रूट/होम' दाखवलं. ओळखीचं फोल्डर दिसल्यावर ते पहिल्यांदा खुर्चीवर बसले. मग 'यू-माउंट /रूट' आणि 'एक्झिट'. बूट पुढं सरकला.

डिस्कच दिसत नसेल तर

'सी-ए-टी /प्रोक/पार्टिशन्स' बघा. यादीत डिस्क नसेल, तर मशीन बंद करून साटा केबल काढून घट्ट बसवा. कारखान्याच्या धुरळ्यात आणि हादऱ्यात ती ढिली होते. बायोसमध्ये डिस्कचा मोड बदललाय का तेही बघा. ड्रायव्हर राहिल्याची शंका असेल तर 'मॉडप्रोब ए-एच-सी-आय' किंवा 'मॉडप्रोब एन-व्ही-एम-ई' करून यादी पुन्हा बघा. डिस्क उगवली तर 'एक्झिट'. पुढच्या वेळी हाच खेळ नको असेल तर सिस्टिम उघडल्यावर त्या मॉड्यूलचं (ड्रायव्हरचं) नाव /ई-टी-सी/इनिट्रॅमएफएस-टूल्स/मॉड्यूल्स या फाइलमध्ये लिहून 'सुडो अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू' चालवा. डिस्क नुसती उशिरा जागी होत असेल, तर ग्रबच्या, म्हणजे सुरुवातीला येणाऱ्या बूटच्या मेनूत 'ई' दाबून लिनक्सच्या ओळीच्या शेवटी 'रूटडिले=१०' जोडा, दहा सेकंद वाट बघितली जाते.

फेडोरामध्ये बिझीबॉक्सऐवजी ड्रॅकटचा शेल दिसतो. तिथं /रन/इनिट्रॅमएफएस या फोल्डरमध्ये आर-डी-एस-ओ-एस-रिपोर्ट नावाची टेक्स्ट फाइल तयार होते, आधी ती वाचा.

सिस्टिम उघडल्यावर /लॉस्ट+फाउंड या फोल्डरमध्ये 'सुडो एल-एस' करून डोकवा. मालक नसलेल्या फायली दुरुस्तीनंतर तिथं जमा होतात, नावाच्या जागी नुसता हॅश आणि आकडा. अण्णांकडं तिथं एकच फाइल होती. उघडली तर त्या दुपारचीच यादी, किती डझन टॉवेल कुणाला गेले त्याची.